दर दिवाळीला नवशिका

कार्ल्याच्या डोंगराखाली गेणू नावाचा एक शेतकरी राहायचा आणि तो बावीस वर्षं गितार शिकत होता. एवढ्या वर्षांत माणूस शिकून वकील होतो, मामलेदार होतो, नाहीतर गेलाबाजार आजोबा तरी होतोच. गेणू आजोबा झाला, पण गितारीच्या बाबतीत नवशिका तो नवशिकाच राहिला. लोक म्हणायचे, त्याच्या डोक्यात सूर शिरत नाही. हे साफ खोटं. डोकं चांगलं होतं, कानही चांगला होता. दोष द्यायचाच तर तो भाताला द्यावा लागेल.

गेणूची भाताची तीन खाचरं होती. एक वरचं, एक मधलं आणि एक ओढ्याकडचं. पाणी वरच्यातून मधल्यात उतरायचं, मधल्यातून ओढ्याकडच्यात, आणि तिथून पुढं इंद्रायणीला. दिवाळीच्या सुमारास भात झोडून कणगीत पडलं, की शेतात काही काम उरत नसे. मग गेणू लोणावळ्याला स्टेशनावर जायचा. तिथं गार्डांचे कंदील पुसायचे, वाती कातरायच्या, तेल भरायचं, एवढंच काम. मृगाच्या तोंडाला परत गावी. अंगाला रॉकेलचा वास घेऊन तो घरी आला, की त्याची बायको रतनबाई त्याला आधी ओढ्यावर पाठवायची आणि मग भाकरी वाढायची.

१९२३ सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी तो असाच एक पुसलेला कंदील घेऊन रेल्वेच्या चाळीत गेला. मालगाडीचा गार्ड कायतान तिथं एकटा राहायचा. बायको-मुलं गोव्यात, आणि हा इथं घाटमाथ्याच्या धुक्यात. गेणू दारात पोचला तेव्हा कायतान पायरीवर बसून काहीतरी वाजवत होता. वीणेसारखं दिसत होतं, पण भोपळा नव्हता. लाकडाची चपटी पेटी, तिला कमरेशी खळगा, आणि सहा तारा. गेणू कंदील खाली ठेवायचं विसरला. कायताननं वाजवणं थांबवलं नाही, नुसती मान वर केली आणि शेजारची जागा दाखवली. तिशीतला, मिशा पिळलेला, चार माणसांत बोलायला लाजणारा गेणू हातात कंदील धरूनच खाली बसला. घाटाखालून वर चढणाऱ्या गाडीच्या धापा ऐकू येत होत्या आणि त्यांच्यावर ते सूर हळूहळू तरंगत होते. आपण जागे आहोत की झोपेत, हे त्याला कळेना. पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना तो म्हणायचा, "मला वाटलं, पाण्याला कुनीतरी बोलाय शिकवलंया."

तिथून शिकणं सुरू झालं. कायतान जीव लावून शिकवायचा. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या, उजव्यानं छेडायच्या. तीन-चार तारा एकदम दाबून जो सुरांचा घोळका निघतो त्याला कायतान इंग्रजी नाव सांगायचा. गेणूला ते जमेना. त्यानं त्याला 'जुडी' म्हणायला सुरुवात केली, कारण लावणीच्या रोपांची असते तशीच ती एका मुठीत धरायची होती. अशा तीन जुड्या तो शिकला आणि त्यांना त्यानं आपल्या खाचरांची नावं दिली. वरची, मधली, ओढ्याकडची. कायतान आधी हसला, मग तोही तीच नावं घ्यायला लागला. "गेणू, मधलीतून ओढ्याकडची घे. सावकाश. बांध फोडू नको!"

कायताननं त्याला एकच चाल दिली होती. गोव्यातल्या त्याच्या गावी लग्नात वाजायची अशी संथ चाल, तीन भागांची. पहिला भाग सोपा, दुसरा जरा वळणाचा, तिसऱ्यात करंगळी ताणून पार टोकाला न्यावी लागे. गितारीची तार नवशिक्याला सोडत नाही. आधी बोटांच्या टोकांना खाचा पडतात, मग फोड, मग साल जाते, आणि माघ-फाल्गुनापर्यंत टोकं शिंगासारखी टणक होतात. तेव्हा कुठं सूर स्वच्छ निघतो. गेणूचे पहिले दोन भाग वैशाखापर्यंत तयार व्हायचे, ज्येष्ठात तो तिसऱ्या भागाच्या उंबऱ्याशी पोचायचा, आणि मृग निघायचा.

मग लावणी. पंधरा-वीस दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत हात चिखलात. डाव्या हातात रोपांची ओली जुडी, उजव्यानं लावत जायचं. आठ दिवसांत बोटांची टोकं सुरकुतायची आणि पंधराव्या दिवशी सगळी कमावलेली कातडी भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी निघून यायची. दिवाळीनंतर गेणू लोणावळ्याला पोचायचा तो तान्ह्या पोराची बोटं घेऊन. कायतान त्याचा हात उलटा करून बघायचा आणि कपाळावर हात मारायचा. "परत पहिली यत्ता रे! शाळेतसुद्धा नापास पोराला तिसऱ्या वर्षी घरी पाठवतात."

एका वर्षी गेणूनं अक्कल लढवली. टाचेच्या भेगांत आपण गरम बिब्बा भरतो, त्यानं कातडी घट्ट होते, मग बोटांना का नको? लावणीच्या आदल्या दिवशी त्यानं चारी बोटांच्या टोकांना चरचरून बिब्बा लावला. सकाळी बोटं सुजून वांग्याएवढी झाली होती. रतनबाईनं तूप लावता लावता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तेव्हाच तिला या गितारीचं सगळं कळलं. त्याआधी तिला वाटायचं, नवरा लोणावळ्यात पत्ते खेळतो. गितारीचं ऐकून तिला पत्ते परवडले असते असं वाटलं. पण ती कुणाला बोलली नाही.

अशी नऊ वर्षं गेली. घाटातली धुराची इंजिनं जाऊन विजेची आली, गाड्यांच्या धापा बंद झाल्या. १९३२च्या ज्येष्ठात कायताननं सांगितलं, "मी रिटायर होतोय. श्रावण लागला की गोव्याला जाणार. गेणू, मला ती चाल एकदा शेवटपर्यंत ऐकायचीय, तुझ्या हातानं. नऊ वर्षं शिकवलंय मी तुला. एकदा पुरी कर." आणि त्यानं गितार रेल्वेच्या ताडपत्रीत गुंडाळून गेणूच्या हातात दिली.

गेणू मळवलीला उतरून ती खांद्यावर टाकून कार्ल्याला चालत आला. वाटभर तो एकच विचार करत होता. आषाढ मध्ये होता. या आषाढात डावा हात चिखलात गेला, की ती चाल कायतानला कधीच ऐकायला मिळणार नव्हती.

आता मावळातली लावणी काही एकट्यादुकट्यानं होत नाही. तिथं इर्जिक असते. सगळ्यांनी मिळून आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. तुम्ही माझ्याकडं हात लावायचा, मी तुमच्याकडं. ज्या घरातून हात आला नाही, त्या घराकडं इर्जिक जात नाही, आणि त्याची खाचरं रिकामी हसत बसतात. कार्ल्यात इर्जिक कोंडाजीआबांच्या शब्दावर चालायची. म्हातारा खमक्या होता, पण न्यायी.

पहिल्या दिवशी गेणूनं रोपांची जुडी डाव्या कोपराच्या बेचक्यात धरली, हात छातीशी दुमडून घेतला आणि नुसत्या उजव्या हातानं लावायला लागला. दुपारपर्यंत त्याची पात सगळ्यांच्या मागं राहिली आणि सापासारखी वाकडी झाली. सुगीत हलगी वाजवणारा हौशीराम शेजारच्या पातीला होता. तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"गेणूभाऊ, डाव्या हाताला मेंदी लावलीया व्हय?"

सगळं खाचर हसलं. गेणूचं तोंड चिखलासारखं झालं. कोंडाजीआबा बांधावरून खाली आले. "काय रं, हाताला काय झालंया?"

गेणूला खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलायची लाज वाटत होती. शेवटी रतनबाईच पाठ सरळ करून बोलली. "आबा, त्यास्नी बोटं राखायची हायती. गार्डसायबाला गितार वाजवून दावायचीया, त्यो गावाला जायच्या आदी. हे शिकल्यात नऊ साल."

एवढं ऐकून कुणी हसलंसुद्धा नाही. चिखलात उभ्या असलेल्या माणसांपुढं कुणी बोटं राखतो म्हणणं ही हसण्यावारी न्यायची गोष्टच नव्हती. कोंडाजीआबा शांतपणे म्हणाले, "राख की. पर हात न्हाई तर इर्जिक न्हाई. तुझी तीन खाचरं तुझी तू बघ."

गेणू खाली वाकला आणि डावा हात चिखलात घालणार, तोच रतनबाईनं त्याचं मनगट धरलं. घरात ती त्याला उठताबसता बोलायची, पण चारचौघांत त्याची मान खाली गेलेली तिला सहन होत नसे.

"आबा, सुगीत ह्यो हौशीराम बांधावर बसून हलगी वाजवतो, लोकं भलरी म्हनत्यात. तवा त्याचा हात इर्जिकीत धरता का न्हाई?"

"धरतो की. वाजवनाऱ्याचा हात पुरा."

"मंग माझा मालक वाजवंल बांधावर."

हौशीराम उसळला. "लावनीला कोन वाजवतंय? पावसात हलगीचं कातडं लोळा होतंया!"

"ह्येची तारंची हाय," रतनबाई म्हणाली. "कातडं न्हाई तिला."

आबांनी दाढी खाजवली. असला प्रश्न त्यांच्यापुढं कधी आला नव्हता. "बरं. उद्या बसू दे त्याला. लोकांचा हात चालला तर ठीक, न्हाई चालला तर परवापासून दोनी हात चिखलात. आन् लावनीतला हात कमी पडतो त्यो तू भरून काढायचा, रतन. दोन पाती धरायच्या."

"धरते," ती म्हणाली आणि लगेच वाकली.

दुसऱ्या दिवशी गेणू बांधावर बसला. डोक्यावर इरलं, त्याच्यावर ताडपत्री, पोटाशी गितार. समोर पंचवीस-तीस माणसं पाठ वाकवून उभी, त्यांच्यावर धुक्यासारखा बारीक पाऊस. त्यानं कायतानची चाल धरली. ती लग्नातली चाल, नटून हिंडणाऱ्या माणसांची. वाकलेल्या पाठींना तिचा काही उपयोग होईना. बायकांनी भलरी सुरू केली ती एकीकडं आणि गितार दुसरीकडं. हौशीराम मुद्दाम मोठ्यानं खोकला. गेणूनं तारांवर पंजा ठेवला आणि तो थांबला.

थांबल्यावर त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. लावणी करणारी माणसं मागं मागं सरकत जातात. चार रोपं लावायची आणि पाऊल मागं. चार रोपं, पाऊल मागं. चिखलातून पाय निघताना जरासा वेळ जातो, तेवढा वेळ हात रिकामा. हे त्यानं जन्मभर केलं होतं, पण बांधावर बसून कधी पाहिलं नव्हतं. त्यानं वरची जुडी दाबली आणि रोपांबरोबर चार वेळा छेडली. पाऊल निघेपर्यंत गप्प राहिला. पाऊल टेकलं तशी मधली घेतली. मग ओढ्याकडची. पुन्हा वरची. अर्ध्या तासानं कुणीही न सांगता भलरी त्याच्या तारांवर येऊन बसली. त्या खाचरात मग वेगळंच काहीतरी झालं. माणसं, पाणी, रोपं, पाऊस, सगळं एका चालीनं मागं सरकत होतं आणि त्यांच्यापुढं हिरवं होत चाललं होतं. गेणूला वाटलं, आपण वाजवत नाही, आपण नुसते बघतोय आणि बघण्याचाच आवाज होतोय. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

संध्याकाळी खाचर नेहमीपेक्षा लवकर उरकलं. कोंडाजीआबा जाता जाता एवढंच म्हणाले, "उद्या धोंडाबाईच्या खाचरात. टायमावर ये."

अठरा दिवस हे चाललं. गेणूची तिन्ही खाचरंही लागली. रिकाम्या वेळी तो तिसरा भाग घोटायचा, आणि आता करंगळी आपसूक टोकाला जायला लागली होती. त्याची बोटं टणक राहिली. रतनबाईनं अठरा दिवस दोन पाती ओढल्या. घरी आल्यावर चूल पेटवताना तिला काडी धरता येत नसे. गेणू चूल पेटवायला पुढं झाला, की "व्हा तिकडं, बोटं भाजतील," म्हणून ती त्याला हाकलून द्यायची.

श्रावणाच्या चौथ्या दिवशी गेणू गितार घेऊन लोणावळ्याला पोचला. बघतो तर कायतानच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. गार्ड, ड्रायव्हर, तिकीट मास्तर, त्यांच्या बायका. कुणी हार घालतंय, कुणी ट्रंक बांधतंय. या गर्दीत वाजवायचं कसं? कायताननं दुरूनच त्याला खूण केली. "गाडीत बस माझ्याबरोबर. मळवलीपर्यंत. तेवढ्यात होईल."

पुण्याकडच्या पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात दोघं समोरासमोर बसले. गाडी हलली. डब्यात एक म्हातारी आणि तिच्या कोंबड्या, बाकी कुणी नाही. गेणूनं गितार मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला भाग झाला. दुसरा वळणासकट झाला. सूर स्वच्छ होते. मात्र चालीला लावणीचं पाऊल लागलं होतं. चार, आणि पाय निघेपर्यंत थांबणं. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं.

"थांब," कायतान म्हणाला.

गेणू घाबरला. "चुकलं व्हय?"

कायतान खिडकीतून बाहेर बघत होता. नुकती लागलेली खाचरं मागं पळत होती. "माझी माय अशी लावायची," तो म्हणाला. "अशीच थांबायची मध्ये. सोळाव्या वर्षी मी गाव सोडलं, रेल्वेत आलो. रेल्वे कुठं थांबते रे अशी? मी तुला सगळं घड्याळावर शिकवलं." मग तो बोलतच सुटला. त्यांच्या घरामागचं शेत, खाऱ्या पाण्याचा बांध, मायनं त्याला पाठीला बांधून केलेली लावणी. नऊ वर्षांत त्यानं यातला एक शब्दही काढला नव्हता. गेणूची बोटं तिसऱ्या भागाच्या पहिल्या जुडीवर तशीच दाबलेली होती. मध्येच कसं सांगायचं, की सायेब, वाजवू द्या? म्हातारा माणूस आईबद्दल बोलत होता. गेणू ऐकत राहिला.

मळवली आली. गाडी दोन मिनिटं थांबते. गेणू उतरला, गितार खिडकीतून आत द्यायला गेला. कायताननं ती बाहेर ढकलली. "कुठं नेऊ? तुझ्याकडं राहू दे." मग एकदम आठवून त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, तिसरा भाग!" तेवढ्यात गाडी निघाली. कायतान बराच वेळ खिडकीतून हात हलवत होता. गेणूला हात हलवायचं सुचलं नाही. नऊ वर्षं आणि अठरा दिवस, आणि शेवटी पाच मिनिटं कमी पडली. नदी ओलांडून घरी येईपर्यंत तो रडला, आणि पाऊस होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

रतनबाई पडवीत मेढीला टेकून बसली होती. "झाली का पुरी?"

"न्हाई. मदीच मळवली आली."

तिनं सगळं ऐकून घेतलं. गार्डाच्या आईचं त्याला दोनदा सांगायला लावलं. मग तिचा मूळचा स्वभाव वर आला. "मंग मला वाजवून दावा. एवढी वाकले मी, ती काय अर्ध्यासाठी? लांबच्या पातीला काय आयकू येतंय?"

गेणूनं ताडपत्री सोडली. पहिला भाग संपायच्या आत रतनबाईची मान मेढीवर कलली. हात मांडीवर उघडे पडले होते. बोटांची टोकं पांढरी पडून चिरलेली, नखांच्या कडांत अजून चिखल. गेणू त्या बोटांकडं बघत वाजवत राहिला. पुढच्या आषाढापासून आपले दोन्ही हात चिखलात जाणार आणि दर दिवाळीला पुन्हा पहिली यत्ता (तशी ती पुढं तेरा वर्षं झालीही), हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं, आणि त्याचं त्याला मुळीच वाईट वाटलं नाही. दुसरा भाग झाला. तिसरा लागला. करंगळी ताणून टोकाला गेली, सूर जसा पाहिजे तसा निघाला. मग शेवटची ओढ्याकडची जुडी आली, आणि चाल संपली. जन्मात पहिल्यांदा ती पुरी झाली होती, आणि ऐकायला जागं कुणी नव्हतं.

तारांचा आवाज विरला तशी रतनबाई दचकून जागी झाली.

"का थांबला? अर्ध्यातच सोडली व्हय?"

गेणू तिला संपली म्हणून सांगणार होता. मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, वरची जुडी धरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.